पाटोला स्कूटरनेच जा

पोरी, अनेक आशीर्वाद.

गाडीचे फोटो पोचले. पाठोपाठ तुझ्या आईचा फोनही आला. तिचं म्हणणं मी ऐकून घेतलंय, ते इथे पुन्हा सांगत बसत नाही. बीएमडब्ल्यू एम२ घेतलीस आणि तीही मॅन्युअल गिअरची, हे मला मनापासून आवडलं. फक्त पावसाच्या तोंडावर घेतलीस. त्याबद्दल पुढे लिहितो.

तू विचारलंस, रनिंग-इन, म्हणजे नवी गाडी सुरुवातीला बेताने चालवून रुळवणं, खरंच करावं लागतं की ती जुन्या मेकॅनिक लोकांची समजूत? करावं लागतं. पण तुझी काळजी जास्त पळवण्याची आहे आणि मला वाटणारी काळजी उलटी आहे. तुझं घर ताळगावात, ऑफिस पणजीतल्या पाटोवर. मध्ये चार-पाच किलोमीटर. घोडं पेंड खातं ते इथे.

आधी कंपनीचं मॅन्युअल काय म्हणतं ते बघ, कारण तू ते उघडलं नसणार. पहिले २००० किलोमीटर ५५०० आरपीएमच्या (इंजिनच्या मिनिटाला फेऱ्यांच्या) वर जायचं नाही आणि वेग १७० च्या आत ठेवायचा. १७० वाचून हसू नकोस, तो आकडा त्यांच्या ऑटोबानसाठी आहे. आपल्या कामाचा आकडा ५५००. रेड लाइन, म्हणजे इंजिनची कमाल मर्यादा, ७२०० ला, म्हणजे वरचे सतराशे तेवढे सध्या बाजूला ठेवायचे. नवे टायर साधारण ३०० किलोमीटरनंतर नीट पकड घेतात. क्लच आणि ब्रेक रुळायला ५०० लागतात. २००० झाले की रनिंग-इन सर्व्हिस. तिच्यात इंजिन ऑइल बदलतात आणि मागच्या डिफरन्शियलचंही, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीचंही, ऑइल बदलतात. नव्या दात्यांतून निघालेली धातूची बारीक चूर त्या पहिल्या ऑइलमध्ये उतरलेली असते, म्हणून ही सर्व्हिस चुकवायची नाही.

आता इंजिनच्या आत काय चाललेलं असतं ते सांगतो. हे कळलं की यूट्यूबवरच्या ‘जपून चालवा’ आणि ‘पिळून काढा’ या दोन्ही पंथांचा निकाल तुझा तूच लावशील. सिलिंडरच्या भिंतीवर होनिंगच्या, म्हणजे कारखान्यात मुद्दाम घासून पाडलेल्या, तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा असतात. ऑइल त्या रेघांत टिकून राहतं. पिस्टनची रिंग खाली-वर होताना या रेघांची टोकं घासून काढते, आणि घासता घासता स्वतःही त्या भिंतीच्या मापाची होते. रिंग भिंतीला दाबून धरतो तो मुख्यतः तिच्या मागे शिरलेल्या जळत्या वायूचा दाब. गाडी नुसती बैलगाडीसारखी चालवलीस तर तो दाब येतच नाही. रिंग अर्धवट बसते, भिंतीला चकाकी येते आणि गाडी पुढे ऑइल खात राहते. ‘पहिल्या दिवसापासून पिळून काढा’ म्हणणारा पंथ इथपर्यंत बरोबर आहे. पण फुल थ्रॉटल (ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला) आणि वरचे आरपीएम एकाच वेळी दिले की न घासलेल्या टोकांवर उष्णता साचते आणि मधला ऑइलचा थर टिकत नाही. हल्ली मशीनिंग इतकं नेमकं असतं की असं करून कुणाचं इंजिन लगेच बिघडत नाही. ते लोक त्यालाच पुरावा मानतात. मी मानत नाही.

तू एवढं कर. दुसऱ्या गिअरमध्ये २००० आरपीएमवरून निम्मा थ्रॉटल देऊन गाडी ४५०० पर्यंत ओढ. मग पाय पूर्ण उचल आणि ती इंजिनवरच मंद होऊ दे. पुन्हा ओढ, पुन्हा सोड. पाचशे किलोमीटर झाले की थ्रॉटल थोडा वाढव. एकाच वेगाला चिकटून राहायचं नाही, म्हणून वेग आपोआप धरून ठेवणारा क्रूझ कंट्रोल सध्या विसर. मोपा विमानतळाच्या रस्त्यावर ८० धरून गाणी ऐकत जाणं सुखाचं असेल, पण त्यातून नव्या इंजिनाला काही मिळत नाही.

आणि आता ताळगाव-पाटो. इंजिनच्या पाण्याचं तापमान काही मिनिटांत जागेवर येतं, ऑइलला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. थंड इंजिनात पेट्रोल जास्त सोडलं जातं आणि त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. ज्वलनातली वाफही आत पाणी होऊन बसते. ऑइल नव्वद-शंभर अंशांवर काही वेळ राहिलं तर यातलं बरंचसं उडून जातं. तू पाटोच्या पार्किंगमध्ये शिरतेस तेव्हा ते कोमट असतं. संध्याकाळी परत तेच. महिन्याकाठी दोनशे किलोमीटर भरतील, आणि त्यातल्या एकाही किलोमीटरला इंजिन पुरतं तापलेलं नसेल. मीटरवर २००० दिसतील आणि रनिंग-इन झालेलंच नसेल. ३७०२ चौरस किलोमीटरच्या राज्यात स्पोर्ट्स कार घेतलीस, इथली अंतरंच तिला पुरत नाहीत. म्हणून ऑफिसला स्कूटरनेच जा. गाडी आठवड्यातून एकदा काढ, पण काढलीस की दीड-दोन तास परतू नकोस. आणि स्क्रीनवर ऑइलचं तापमान कायम दिसेल असं ठेव. पाण्याचं तापमान बघून काही कळत नाही.

जायचं कुठे? मृग लागायच्या आधी जेवढे रविवार मिळतील तेवढे चोर्ला घाटाला दे. उजाडताना निघ. मांडवीवरचा अटल सेतू, म्हापसा, अस्नोडा, डिचोली, साखळी, केरी. केरीला पोचेपर्यंत ऑइल तापलेलं असतं आणि अंजुणे धरण मागे पडलं की चढ सुरू होतो. रनिंग-इनसाठी घाटासारखी जागा नाही. चढताना इंजिनवर भार येतो, उतरताना इंजिन ब्रेकिंग मिळतं आणि वळणागणिक आरपीएम बदलतो. वर सांगितलेली ओढ-सोड घाट आपोआप करून घेतो. परतताना मात्र उशीर करू नकोस. रविवारी दिवस वर आला की वळणावळणावर गाड्या लावून फोटो काढणारे उभे असतात.

पहाटेची एक गोष्ट लक्षात ठेव. गावातून जाताना पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर असतो, मागे पावाची मोठी टोपली. त्याचा पों-पों तुला काच बंद असताना ऐकू येणार नाही. म्हणून वाड्यांतून जाताना काच खाली ठेव, आणि एक्झॉस्टचा आवाज वाढवणारं ते बटण बंद. लोक झोपलेले असतात.

दक्षिणेकडे जायचं असेल तर नवा झुआरी पूल झाल्यापासून आगशी-कुठ्ठाळीची कोंडी पूर्वीसारखी राहिलेली नाही. मडगाव, कुंकळ्ळी, बाळ्ळी करत करमल घाट गाठ. तो चोर्ल्यापेक्षा लहान आणि अरुंद आहे, झाडी दाट. अवजड ट्रक समोरून वळण कापत येतात, तेव्हा आपली बाजू अजिबात सोडू नकोस. काणकोणला चार रस्त्यापासून माश्यापर्यंतचा बायपास २०१९ मध्ये झाला. तळपण आणि गालजीबागच्या पुलांवरून जाताना खाली नदी आणि माडांची रांग दिसते. रस्ता इतका सरळ की पाय आपोआप जड होतो. तिथे हळू जा. वेगासाठी तुला मी वेगळी जागा सांगणार आहे.

गंमत कशात आहे, हे तू विचारलं नाहीस तरी सांगतो. या गाडीत दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबलंस तर दोन-तीन सेकंदांत कायद्याच्या पलीकडे जातेस. ती मजा तेवढ्यात संपते आणि गोव्याच्या रस्त्यांवर ती धोक्याचीही आहे. मॅन्युअल गिअर घेतल्याचा फायदा दुसरीकडे आहे. खाली गिअर टाकताना आरपीएम जुळवून देणारी मदत गाडीत असते. सेटिंगमध्ये जाऊन ती बंद कर आणि स्वतः शिक. ब्रेकवर पायाचा चवडा ठेवायचा आणि त्याच पायाच्या कडेने ॲक्सिलरेटरला टिचकी द्यायची. क्लच सुटताना गाडीने मान हलवली नाही, की जमलं. यासाठी ३०००-४००० आरपीएम पुष्कळ होतात. आधी रिकाम्या सपाट रस्त्यावर जमव, घाटात नंतर. थंड गाडीत दुसरा गिअर थोडा अडतो. तिथे जोर करू नकोस. लिव्हर तोंडाशी धरून क्षणभर थांब, तो स्वतःहून आत जातो.

आता पाऊस. तुझ्या मागच्या टायरवर २८५/३० लिहिलंय, म्हणजे रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंत रबर जेमतेम साडेआठ सेंटिमीटर. पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली वरून कळत नाही. रिम वाकली की टायरही जातो. अंगावर काढण्यासारखा खर्च नाही तो. पावसात डबकं दिसलं की ते खोल आहे असंच धरून चाल. पहिल्या सरीनंतर रस्त्यावर साचलेलं तेल आणि लाल माती यांचा निसरडा राप तयार होतो. त्यात नवे टायर, मागच्या चाकांना एवढी ताकद. ट्रॅक्शन कंट्रोल बंद करायचं नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. डबकं टाळायला ऐनवेळी स्टिअरिंग ओढायचं नाही, आधी वेग कमी करायचा. आणि श्रावणात चोर्ल्याला धुकं असतं. तेव्हा तो रस्ता नकोच.

रम्बलर, म्हणजे रस्त्यावरचे गतिरोधक पट्टे, तर आपल्या पाचवीलाच पुजलेले. सरळ चढू नकोस. जागा असेल तर किंचित तिरकी घे, एका वेळी एकच चाक चढेल अशी. फेरीबोटीचंही तसंच. दिवाडी बेटावर मित्रमंडळींकडे जायची हौस असेल तर आधी ओहोटीची वेळ बघ. पाणी उतरलं की धक्क्याचा उतार आणि बोटीची फळी यांच्यात कोन पडतो आणि पुढच्या बंपरचा खालचा ओठ आधी टेकतो. भरतीला तीच बोट सपाट लागते. किनाऱ्यावर वाळूत गाडी घालणाऱ्यांबद्दल मी काही लिहीत नाही. दर मोसमात पर्यटकांच्या गाड्या ट्रॅक्टरने ओढून काढतात ते तू पेपरात वाचतेसच, आणि तो गुन्हाही आहे.

खाऱ्या हवेत एक गोष्ट बघून दचकशील. रात्री गाडी धुऊन ठेवलीस की सकाळी ब्रेकच्या डिस्कवर नारिंगी गंज दिसेल. तो वरवरचा असतो, पहिल्या चार-पाच ब्रेकिंगमध्ये जातो. मात्र ओल्या डिस्कवर हँडब्रेक ओढून गाडी आठवडाभर उभी करू नकोस, पॅड चिकटतात. धुतल्यावर एक फेरी मार, ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून वाळव आणि मग लाव. सोसायटीत गाड्या पुसणाऱ्याला हात लावू देऊ नकोस. तो माणूस चांगला असेल, पण लाल माती वाळल्यावर कोरडं फडकं फिरलं की रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा उमटतात. आधी भरपूर पाणी, मग कापड. मंगेशीला पूजा करणार असशीलच, तर बॉनेटवरचं हळदकुंकू त्याच दिवशी ओल्या कपड्याने काढ. देव रागावत नाही.

पाचशे किलोमीटरला एकदा ऑइलची पातळी बघ. तुझ्या गाडीत डिपस्टिक नाही, स्क्रीनवरच मोजते. नव्या इंजिनाने सुरुवातीला थोडं जास्त ऑइल घेतलं तर घाबरायचं कारण नाही. पेट्रोल मात्र टाकीच्या झाकणाआतल्या स्टिकरवर लिहिलंय तेच घाल, त्यात काटकसर करू नकोस.

वेगाची जागा सांगतो म्हटलं होतं. आपल्याकडे ट्रॅक नाही. २००० ची सर्व्हिस झाल्यावर कोइंबतूरचा कारी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट, दोन्हीपैकी कुठेही ट्रॅक डे मिळाला तर नाव घाल. तिथे ७२०० पर्यंत जा, पुन्हा पुन्हा जा. गाडी चालवत नेलीस तर मला बरोबर घे, पेट्रोलचे अर्धे पैसे देईन.

आणि ती सर्व्हिस आत्ताच हिशोब करून ठरव. माझ्या अंदाजाने तुझे २००० चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आसपास भरतील. तो आठवडा सोडून तारीख घे. त्या दिवसांत वर्कशॉपमध्ये वॉचमनशिवाय कुणी भेटणार नाही, आणि असलाच कुणी तर त्याचं लक्ष घरच्या माटोळीत, गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या मांडवात, असेल.

तुझा,
काका