हातचं काम : आधी पाणी, मग साबण

प्रश्न (भांडुपहून एक ताई) : काका, मे महिन्यात मिस्टर रिटायर होतायत. संगमेश्वर तालुक्यात सासऱ्यांचं कौलारू घर आहे. तिकडेच राहायचं आणि होईल तेवढं घरच्या घरी करायचं, असं ठरवलंय. मोबाइलवर बघून बघून यादी केली आहे : साबण, मातीची भट्टी, गोबर गॅस, दोन शेळ्या, मडक्याचा फ्रीज. सुरुवात कशापासून करू?

उत्तर : ताई, तुमच्या यादीत पाणी नाही. कोकणात काय, पाऊस धो-धो, म्हणून राहिलं असेल. पण तो पाऊस चार महिन्यांत पडतो आणि जांभ्यातून झिरपून खाडीला जातो. मे महिन्यात त्याच गावात टँकरची वाट बघावी लागते. तेव्हा पहिला पैसा छपराच्या पाण्यावर.

हिशोब साधा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. छप्पर मोजताना कौलांचा उतार मोजू नका, पागोळ्या जमिनीवर जिथे पडतात तिथलं लांबी-रुंदीचं माप घ्या. समजा ते ५० चौरस मीटर भरलं. तुमच्या भागात वर्षाला अडीच हजार मिलिमीटर तरी पडतो. म्हणजे सव्वा लाख लिटर. सांडलं, उडालं, छपराची घाण घेऊन येणारं पहिलं पाणी सोडून दिलं असं धरून पाचवा भाग वजा करा, तरी लाख लिटर उरतं.

आता गरज बघा. प्यायला आणि स्वयंपाकाला दोन माणसांना दिवसाला २० लिटर. ऑक्टोबरच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत धरा २४० दिवस. झाले ४,८०० लिटर. पाच हजार लिटरची एक काळी टाकी पुरते. धुण्याभांड्याला विहिरीचं, ती आटली की टँकरचं. काळीच घ्या, आत उजेड गेला की शेवाळ धरतं. भरलेल्या टाकीचं वजन पाच टन होतं, तेव्हा खाली चार चिरे ठेवून भागणार नाही. जांभ्याचा सपाट, भरीव कट्टा बांधून घ्या, टाकीच्या बुडापेक्षा थोडा मोठा. उंची एवढीच, की तोटीखाली कळशी बसावी.

पन्हळ पीव्हीसीची चालेल. दहा फुटाला सव्वा इंच उतार द्या, नाहीतर पाणी तुंबून पानं कुजतात. टाकीच्या तोंडाला आणि जादा पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपालाही स्टीलची बारीक जाळी हवी. हा दुसरा पाइप लोक हमखास विसरतात आणि डास तिथूनच आत जातात. गावाला जाण्याआधी जाळी मुंबईतच नागदेवी स्ट्रीटवरून घेऊन ठेवा, तिकडे शोधत बसावं लागेल.

बाजारात पहिलं पाणी आपोआप सोडून देणारी यंत्रं मिळतात. मी आयुष्यभर फिटरचं काम केलं, मला ती आवडत नाहीत. जे आपोआप चालतं ते आपोआप तुंबतंही. टाकीवर येणाऱ्या पाइपाचा शेवटचा एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, सोल्युशन (पाइप चिकटवायचा गोंद) न लावता नुसता घट्ट खोचून ठेवा. हाताने फिरवला की पाणी बाहेर, उलटा फिरवला की टाकीत. मृगाचे पहिले तीन-चार पाऊस बाहेर. मध्ये आठवडाभर उघडीप पडली, तर पुढच्या पावसाची पहिली पंधरा मिनिटं बाहेर.

आणि टाकी जुलैत भरून बसू नका. ती भरायला १२५ मिलिमीटर पाऊस लागतो, कोकणात तेवढा दोन-तीन दिवसांत पडतो. जुलैचं पाणी वापरत राहा. गणपतीला घर भरलेलं असतं, पोरंटोरं, भाचे-पुतणे आलेले असतात. विसर्जन झालं की एखाद्या सडपातळ पोराला टाकीत उतरवून घासून घ्या. झाकण उघडं ठेवून, आणि मोठं माणूस तोंडाशी उभं राहून. मग उत्तरा आणि हस्ताच्या पावसाने भरा. तोवर छप्पर धुऊन निघालेलं असतं आणि उन्हाळ्यात पोचणारं पाणी त्यातल्या त्यात ताजं असतं. तरी प्यायचं उकळूनच. मागच्या पडवीवर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर तिथलं पाणी टाकीत नको, त्यात अॅस्बेस्टॉस असतं. ते माडांना सोडा.

बाकी यादी एक पावसाळा काढल्यावर. भट्टी छपराखाली जागा असेल तरच. शेळ्यांचं म्हणाल तर, शेळी घेतली की मुंबईच्या लग्नांना दोघांनी मिळून जाणं बंद, एवढं मिस्टरांना आधी विचारून घ्या.

मडक्याच्या फ्रीजबद्दल गिरगावातूनही पत्र आहे, म्हणून दोघांना एकदमच सांगतो. मोठ्या मडक्यात छोटं मडकं, मध्ये ओली वाळू. उत्तर नायजेरियात महंमद बाह अब्बा या शिक्षकांनी नव्वदच्या दशकात याचा प्रसार केला आणि तिथे भाजी खरोखर टिकते. कारण तिथली हवा कोरडी. पाणी उडालं तर गारवा. आपल्याकडे मे महिन्यात अंगावरचा घाम वाळत नाही, तिथे वाळूतलं पाणी काय उडणार? नागपूरला खुशाल करा. मुंबईत नि कोकणात प्यायच्या पाण्याचा माठ, बस्स.

प्रश्न (विक्रोळीहून एक वाचक) : पालघर जिल्ह्यातल्या वाडा गावाजवळ अर्धा एकर घेतलं आहे. शनिवार-रविवार जातो. छोटा गोबर गॅस बसवावा का?

उत्तर : नको. एक घनमीटरच्या संयंत्राला रोज २५ किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं, म्हणजे गोठ्यात दोन-तीन जनावरं. रोज म्हणजे मंगळवारीही. पुण्याच्या आरती संस्थेने खरकट्यावर चालणारं छोटं संयंत्र काढलं, त्याला २००६ चा अॅशडेन पुरस्कार मिळाला. पण खाणं त्यालाही रोजच लागतं.

प्रश्न (दहिसरहून एक वाचक) : खोबरेल तेलाचा साबण घरी करायचा आहे. प्रमाण द्याल का?

उत्तर : देतो, पण वजनकाटा ग्रॅमचा हवा, वाटी-चमच्याने हे काम होत नाही. ५०० ग्रॅम शुद्ध खोबरेल, १९० ग्रॅम पाणी. कपड्यांच्या साबणाला ८७ ग्रॅम कॉस्टिक सोडा, अंगाच्या साबणाला ७३. कमी घातला की थोडं तेल तसंच राहतं आणि कातडी कोरडी पडत नाही. कॉस्टिक पाण्यात घालायचा, कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचं नाही, उसळून तोंडावर येतं. भांडं स्टीलचं. अॅल्युमिनियमचं अजिबात नको, कॉस्टिक ते खातो आणि पेट घेणारा वायू सुटतो. चष्मा, हातमोजे, उघडी खिडकी, आणि लहान मूल घरात असेल तर ते शाळेत गेल्यावर. वड्या पाडून चार ते सहा आठवडे वाऱ्याला ठेवा. जुलैत करू नका, वड्यांना घाम सुटतो. दिवाळीनंतर करा.

प्रश्न (लालबागहून एक आजी) : गावाला जाणं आता होत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत करण्यासारखं काही सांग रे बाबा.

उत्तर : आजी, उबपेटी करा, म्हणजे उकळलेलं अन्न त्याच्याच उष्णतेवर शिजत ठेवणारी पेटी. झाकणाचा थर्माकोलचा खोका घ्या, मासळीवाल्याकडचा नको, वास जात नाही. आत जुन्या गोधडीचं अस्तर, पातेलं घट्ट बसेल एवढीच जागा ठेवून. भात झाकून पाच मिनिटं खळखळून उकळा, झाकण न उघडता पेटीत ठेवा, वरून गोधडी. पाऊण तासाने शिजलेला असतो. भिजवलेली तुरीची डाळ दहा-पंधरा मिनिटं उकळून ठेवली तर दोन तासांत मऊ होते. पातेलं निम्म्याच्या वर भरलेलं असावं. मूठभर तांदळाला ऊब धरत नाही. राजमा मात्र यात करायचा नाही. तो नीट उकळला नाही तर उलट्या होतात, त्याला कुकरच. आणि भात पेटीत तसाच रात्रभर राहू देऊ नका, कोमट भात नासतो.

पातेल्याचं माप पुढच्या पत्रात कळवा, खोका केवढा घ्यायचा ते सांगतो.