डोस कमी केल्यावर फिट आली, तर ब्रिटनमध्ये गाडी चालवता येईल का?

तुम्ही विचारलंय की डॉक्टरांनी एपिलेप्सीच्या गोळीचा डोस कमी केला, त्यात दोन महिन्यांपूर्वी फिट आली, आता जुना डोस परत सुरू आहे. सहा महिन्यांनी ब्रिटनला आल्यावर गाडी चालवता येईल का, आणि हे तिथल्या लायसन्स कार्यालयाला सांगितलंच पाहिजे का?

सांगितलंच पाहिजे. न सांगितल्यास १,००० पौंडांपर्यंत दंड होतो. पण दंडाचं सोडा, स्टिअरिंगवर फिट आली तर समोरून येणाऱ्याचा काय दोष?

माझ्यावर इथे ब्रिटनमध्ये हीच वेळ आली. पाच वर्षं फिट नव्हती, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी हळूहळू कमी करत होतो. एका सकाळी दात घासत होतो, एवढंच आठवतं. डोळे उघडले तेव्हा बाथरूमच्या फरशीवर पडलो होतो, जीभ चावली गेली होती आणि ब्रश बेसिनखाली गेला होता. बायकोने घड्याळ बघून ठेवलं होतं, दोन मिनिटं. गाडी सुदैवाने बंदच होती, कारण गोळी बंद करताना आणि नंतर ६ महिने चालवू नका असं इथे सांगतात.

एपिलेप्सीत साधा नियम असा की शेवटच्या फिटनंतर १२ महिने गाडी बंद. पण डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध बदललं किंवा कमी केलं म्हणून फिट आली असेल, आधीचं लागू पडलेलं औषध परत सुरू होऊन ६ महिने झाले असतील आणि त्या काळात एकही फिट नसेल, तर लवकर विचार होतो. गोळी स्वतःच्या मनाने सोडली असेल तर ही सवलत धरू नका. म्हणून सगळा भार कागदावर आहे. निघण्याआधी न्यूरॉलॉजिस्टकडून पत्र घ्या. डोस कोणी कमी केला, कितीवरून किती, फिटची तारीख, जुना डोस कधीपासून, हे सगळं आकड्यांत हवं. ‘अलीकडे’, ‘काही काळ’ असले शब्द तिथेच बदलून घ्या.

लायसन्सचं काम स्वान्सी शहरातलं डीव्हीएलए हे सरकारी कार्यालय बघतं, फिटसाठी एफईपी१ फॉर्म असतो. मी लायसन्स रद्द होण्याची वाट न बघता स्वतःहून परत पाठवलं. याचा मोठा फायदा झाला. मुदत संपायच्या ८ आठवडे आधी अर्ज करता येतो, आणि स्वतःहून दिलं असेल तर मुदत भरल्यावर, डॉक्टरांची हरकत नसेल तर, निर्णय येण्याआधीही बहुधा चालवता येतं. माझ्या निर्णयाचं पत्र यायला बराच वेळ लागला, तेव्हा हे कामी आलं.

भारतीय लायसन्सवर इथे स्थायिक झाल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते, पण फिटचे नियम तेव्हाही लागू असतात. त्यानंतर प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन्स काढून परीक्षा द्यावी लागते. ट्रक किंवा बसची नोकरी मनात असेल तर ती काढून टाका, तिथे औषधाविना १० वर्षं फिट नसावी लागते.

इंग्लंडमध्ये राहणार असाल तर एफपी९२ए फॉर्म विसरू नका, फिटच्या रोजच्या औषधामुळे प्रिस्क्रिप्शन मोफत होतं. वैद्यकीय कारणाने लायसन्स नाकारलं तर बसचा सवलतीचा पासही मिळू शकतो. मी ते महिने बसनेच काढले.

तुमचे ६ महिने इथे यायच्या आतच भरतील. तोवर एकही गोळी चुकवू नका, आणि पत्रावर सही झाली की मूळ प्रत हातातल्या बॅगेत ठेवा.