माशांनाही हार्टचा त्रास होतो का?

प्रश्न: आमचं टेंभुर्णीजवळ शेततळं आहे, रोहू-कटला सोडलेत. जाळं ओढलं की चांगले जाडजूड मासेच मरतात. फार्मच्या माशांना हार्टचा आजार असतो असं ऐकलं, खरंय का?

उत्तर: दादा, खरंय, पण ते मुख्यतः नॉर्वे-स्कॉटलंडकडच्या सॅल्मन नावाच्या थंड पाण्यातल्या माशाचं. माशाच्या हृदयाला दोनच कप्पे असतात. जंगली सॅल्मनचा खालचा कप्पा त्रिकोणी, टोकदार असतो, समुद्रात जाळीच्या पिंजऱ्यात पाळलेल्याचा बऱ्याचदा गोलसर होतो, वरून चरबी चढते, मग पकडापकडी झाली की त्या हृदयाला ताण झेपत नाही आणि वरून धडधाकट दिसणारा मासा जागेवरच मरतो. व्हायरसनं होणारे हृदयरोग वेगळेच, त्यातला एक तिथे 1985 पासून माहितीय.

तुमच्या रोहू-कटल्याचं मला तसं वाटत नाही. आपल्या सोलापूरच्या उन्हात पाणी तापलं की ऑक्सिजन कमी होतो, त्यात जाळं, गाळ ढवळला जातो, मासा गुदमरतो. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात का ते बघा. करत असतील तर एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) आधी लावा, जाळं गारव्यात ओढा आणि त्याच्या आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवा. तरीही मेले तर ताजा मेलेला मासा बर्फात घालून मत्स्य विभागाकडे न्या, कुजलेल्यावरून काहीच कळत नाही.