‘अंकल’ म्हणजे काका की मामा? पोलंडहून अमेरिकेत आलेल्या पणजोबांचं गाव कसं शोधायचं

तुम्ही विचारलंय: सूनबाई अमेरिकन आहेत, त्यांचे पणजोबा १९१० च्या आसपास पोलंडहून शिकागोला आले असं त्यांच्या घरात सांगतात. पण हाताशी असलेल्या एकुलत्या एका कागदावर देश ‘ऑस्ट्रिया’ लिहिलाय, आणि आडनाव म्हणे एलिस बेटावरच्या (न्यूयॉर्क बंदरातलं, बाहेरून येणाऱ्यांच्या तपासणीचं ठाणं) साहेबाने बदलून टाकलं. नातीसाठी वंशावळ लिहायची आहे, तर पोलंडमध्ये पत्र कुणाला लिहायचं?

आत्ता कुणालाच लिहू नका. मी कोल्हापूरची, लग्न होऊन शिकागोजवळ आले. माझ्या सासूबाईंचे आजोबा असेच १९०९ साली इथे आले. त्यांचं गाव सापडायला मला चार वर्षं लागली आणि त्यातली पहिली दोन मी पोलंडमध्ये शोधण्यात घालवली, म्हणून हे आधी सांगते. आपण त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांकडे गेलो तर त्यांचा पहिला प्रश्न काय असतो? मूळ गाव कोणतं? गाव सांगितलं की वही निघते. पोलंडचंही तसंच आहे. जन्म, लग्न, मृत्यू या नोंदी त्या त्या गावच्या चर्चच्या, म्हणजे पॅरिशच्या वहीत. सगळ्या देशाची मिळून अशी एक जुनी वही नाही. गाव माहीत नसेल तर तिथे उघडायचं काय? आणि गावाचं नाव बहुतेक वेळा अमेरिकेतल्याच कुठल्यातरी कागदावर पडून असतं.

‘ऑस्ट्रिया’ पाहून गोंधळू नका, ती चूक नाही. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन वाटण्यांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने पोलंड आपसात वाटून घेतला आणि थेट १९१८ पर्यंत त्या नावाचा स्वतंत्र देशच नकाशावर नव्हता. ऑस्ट्रियाच्या वाट्याला गेलेला दक्षिणेचा भाग म्हणजे गॅलिशिया. तिथून आलेला पोलिश माणूस कागदावर ऑस्ट्रियाचा, वॉर्सा किंवा वूचकडचा रशियाचा आणि पोझनानचा जर्मनीचा. तेव्हा तुमच्या हातात असलेला तो एक शब्द फार कामाचा आहे: देशाच्या तीन वाट्यांपैकी एकच शोधायचा उरला. खात्री करायची असेल तर १९१० आणि १९२० ची अमेरिकन जनगणना पाहा. मोजणीदारांनी पुष्कळ ठिकाणी ‘ऑस्ट्रियन पोलिश’, ‘रशियन पोलिश’ असं सरळ लिहून ठेवलंय. अमेरिकेत कोणत्या साली आले तेही तिथेच सापडतं.

आडनावाबद्दल. एलिस बेटावर नावं बदलली जात, ही गोष्ट इथल्या प्रत्येक घरात सांगतात. माझ्या सासरीही सांगत. तसं होत नसे. प्रवाशांची यादी जहाज सुटायच्या बंदरात, हॅम्बुर्ग किंवा ब्रेमेनला, जहाज कंपनीचे लोक करत. बेटावरचा अधिकारी समोरच्या माणसाला त्या यादीशी ताडून पाहायचा आणि भाषा कळणारे दुभाषेही तिथे असत. नाव बदललं ते नंतर, कारखान्यात, मुलांच्या शाळेत, पुष्कळदा स्वतःच्या मर्जीने. म्हणजे जहाजाच्या यादीत जुनं पोलिश नावच शोधायला हवं. ते लिहिणाऱ्याने वेडंवाकडं लिहिलेलं असेल, पण असेल तेच.

इथे आपल्या मराठी कानाचा खरोखर उपयोग झाला. पोलिशमध्ये दोन ‘च’ आहेत, साधारण आपल्यासारखेच. ‘चिंच’ म्हणताना पहिला च वेगळा आणि दुसरा वेगळा, तसे. त्यातला दुसरा ते रोमन लिपीतल्या नुसत्या ‘सी’ने लिहितात. मग ‘-च्की’ने संपणारं आडनाव (चमच्यातला च) अमेरिकन नातवंडं ‘-की’ असं वाचतात, आणि दोन पिढ्यांत मूळ उच्चार घरातूनच जातो. माझ्या सासूबाई तेव्हा ऐंशीच्या होत्या. त्यांना मी म्हटलं, तुमच्या बुशा (इथले पोलिश लोक आजीला बुशा म्हणतात) हे नाव कशा उच्चारायच्या तसंच उच्चारा. ते मी देवनागरीत लिहून घेतलं आणि त्यावरून उलट पोलिश अक्षरं बसवली. आणखी एक: पोलिशमध्ये ‘एल’ला आडवी काट असते. इंग्रजी डोळ्याला ती ‘टी’ वाटते आणि याद्यांची अनुक्रमणिका करणाऱ्यांनी ती ढिगाने ‘टी’ म्हणून उतरवली आहे. शोधताना दोन्ही करून पाहा.

पहिल्या नावाचंही तेच. आमचे पणजोबा, म्हणजे सासूबाईंचे तेच आजोबा, शिकागोत जॉर्ज होते, घरी वोयचेख होते आणि गावच्या लॅटिन वहीत अडाल्बेर्टुस. तिन्ही एकच माणूस. स्तानिस्वाफचा स्टॅन्ली, व्वादिस्वाफचा वॉल्टर, चेस्वाफचा चेस्टर हे तर नेहमीचेच.

आता जहाजाची यादी. १९०७ नंतर आले असतील तर नशीबवान आहात, कारण त्यानंतरच्या यादीत मायदेशी राहिलेल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव-पत्ता आणि जन्मस्थळ हे रकाने आले. यादी दोन पानांवर पसरलेली असते. लोक डावं पान पाहून थांबतात, उजवं जरूर उघडा. अमेरिकेत कुणाकडे चालला, त्याचं नाव, पत्ता, नातं, आणि तिकिटाचे पैसे कुणी भरले, हे सगळं तिथे आहे. अमेरिकेत आधी गेलेल्याने पैसे भरून गावाकडे पाठवलेल्या तिकिटाला ते शिफकार्ता म्हणत. गॅलिशियात भावाभावांत वाटण्या होऊन जमिनीच्या पट्ट्या उरल्या होत्या, एका घराचंही पोट भरेना. एकजण निघायचा, कत्तलखान्यात नाहीतर पोलाद कारखान्यात लागायचा, मग शिफकार्ता पाठवून भाऊ, मेहुणा, भाचा असे एकेक ओढून आणायचा. याला त्यांच्याकडे ‘झा ख्लेबेम’ म्हणतात, भाकरीच्या मागे. म्हणून शिकागोत एकाच गावची माणसं एकाच गल्लीत सापडतात.

आमच्या यादीत शेवटचं राहतं ठिकाण ‘डोम्ब्रोवा’ होतं. म्हणजे दोम्ब्रोवा, अर्थ ओक वृक्षांची राई. या नावाची गावं पोलंडभर आहेत, आपल्याकडे नवेगाव किंवा पिंपळगाव असावं तशी. मी दोन वर्षं एकेक दोम्ब्रोवा चाळत बसले. नंतर कळलं की आमच्या माणसाने गावाचं नाव सांगितलंच नव्हतं. टार्नूफजवळच्या दोम्ब्रोवा जिल्ह्याचं सांगितलं होतं. आपणही परक्याला आपल्या वाडीचं नाव कुठे सांगतो? सातारा म्हणून मोकळे होतो. तिकडच्या जिल्ह्याला पोव्यात म्हणतात, आकाराने आपल्या तालुक्याएवढा. यादीतलं नाव गावाचं की पोव्यातचं, हे आधी पाहायला हवं.

कोडं सुटलं ते वेगळ्याच टोकाने. उजव्या पानावर ‘कुणाकडे चालला’ या रकान्यात ‘अंकल’ होतं, पण आडनाव निराळं. सासरच्या लोकांनी चाळीस वर्षांपूर्वी हा कागद पाहिला होता. आडनाव जुळत नाही म्हणजे लिहिणाऱ्याची चूक, किंवा अधिकाऱ्यासमोर खोटाच काका उभा केला असणार, असं ठरवून त्यांनी तो बाजूला ठेवलेला. मी पाहिल्याबरोबर विचारलं, काका की मामा? कुणालाच प्रश्न कळेना. पण पोलिशमध्ये हा फरक आपल्याइतकाच पक्का होता: बापाचा भाऊ तो स्त्रिय्, आईचा भाऊ तो वुय्. (आज सर्रास दोघांनाही वुयेक म्हणतात, शंभर वर्षांपूर्वीच्या खेड्यात तसं नव्हतं.) सासूबाईंकडे पणजोबांचा लग्नातला एक फोटो होता. मागे पेन्सिलीने ‘कोखानेमू वुयोवी’, म्हणजे ‘प्रिय मामास’. तो फोटो मामाला दिलेला आणि मामाच्या घरून फिरून परत आलेला. मामा असेल तर आडनाव निराळं असणारच, आणि ते आडनाव म्हणजे पणजोबांच्या आईचं माहेरचं नाव! मावशीच्या नवऱ्यालाही वुय् म्हणत, त्यामुळे तेवढ्याने सिद्ध काही होत नाही. पण शोधायला एक माणूस मिळाला.

मग मी पणजोबांना सोडून मामांचे कागद काढले. ते १९१४ साली नागरिक झाले होते. सप्टेंबर १९०६ नंतरच्या नागरिकत्वाच्या अर्जांत जन्मगाव, जहाजाचं नाव आणि आल्याची तारीख भरावी लागे. मामांनी पोव्यात न लिहिता स्वतःच्या गावाचं नाव लिहिलं होतं. स्पेलिंग चुकलेलं, पण दोम्ब्रोवाभोवतीच्या नकाशावर बोट फिरवलं आणि दहा मिनिटांत ते सापडलं. त्या रात्री मी सासूबाईंना उठवून सांगितलं.

तुम्हीही तेच करा. पणजोबांचेच नाही, त्यांच्या भावंडांचे, मेहुण्यांचे, लग्नातल्या साक्षीदारांचेही कागद पाहा. पणजोबा १८७७ ते १८९७ दरम्यान जन्मले असतील तर एप्रिल १९४२ मध्ये वयस्क पुरुषांची जी लष्करी नोंदणी झाली तिच्या कार्डावर जन्मठिकाण असतं. १९३६ नंतर सोशल सिक्युरिटीसाठी (अमेरिकेची सरकारी पेन्शन योजना) अर्ज केला असेल तर त्यावर आईचं माहेरचं नाव असतं. पणजींचा वेगळा नागरिकत्वाचा अर्ज बहुधा मिळणार नाही, १९२२ पर्यंत नवऱ्याबरोबर बायको आपोआप नागरिक होई. आणि शिकागोतल्या पोलिश चर्चच्या वह्या विसरू नका. १८६७ साली स्थापन झालेलं सेंट स्तानिस्लॉस कोस्तका हे त्यातलं सर्वात जुनं. पोलिश पाद्री लग्न लावताना वधूवरांचं गाव पोलिशमध्ये, शुद्ध लिहीत. इंग्रजी बोलणारा कारकून ते लिहू शकत नसे. शिकागोच्या कॅथलिक वह्यांची १९२५ पर्यंतची छायाचित्रं फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर आहेत. थडग्यांवरही कधी गाव कोरलेलं असतं. सूनबाईंना सांगून दगडाचा फोटो मागवा.

गाव मिळालं की मगच पोलंड. गॅलिशियातल्या वह्या लॅटिनमध्ये, रकाने आखलेल्या. भाषा येत नसली तरी वाचता येतात: तारीख, घर क्रमांक, बाळाचं नाव, आईबाप, बहुधा आईचे आईबापही, मग धर्मपिता-धर्ममाता. घर क्रमांक हा माझा सगळ्यात लाडका रकाना. तोच क्रमांक धरून पुढची-मागची वीस वर्षं चाळली की त्या छपराखाली जन्मलेली सगळी भावंडं एकामागून एक येतात. आमच्या पणजोबांची नोंद तिथल्या पाद्र्यांनी फोटो काढून पाठवली. आईच्या नावापुढे मामांचंच आडनाव होतं.

प्रशियाच्या भागातून आलेले निघाले तर वह्या जर्मन किंवा लॅटिनमध्ये, आणि पोझनानकडच्या एकोणिसाव्या शतकातल्या लग्नांची फुकट अनुक्रमणिका ‘पोझनान प्रोजेक्ट’ नावाने आहे. रशियाच्या भागात नोंद म्हणजे सलग परिच्छेद असतो, १८६८ पासून रशियन भाषेत. तिथे मदत घ्यावी लागेल. अनुक्रमणिकांसाठी ‘गेनेतेका’ हे संकेतस्थळ, मूळ पानांसाठी सरकारी पुराभिलेखांचं ‘शुकाय व आर्खिवाख’ (हे एकच नाव, अर्थ ‘पुराभिलेखांत शोधा’), दोन्ही फुकट. नोंदणी कार्यालयातल्या जन्मनोंदी १०० वर्षांनी आणि लग्न-मृत्यूच्या ८० वर्षांनी खुल्या होतात, त्याआधीच्या फक्त जवळच्या नात्यात मिळतात.

घरातलं कुणी दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत आलं असेल तर वाट अगदी निराळी, आणि ती आपल्या दारावरून जाते. सोव्हिएत सरकारने १९४०-४१ मध्ये सायबेरियाकडे हद्दपार केलेले पोलिश लोक सुटून इराणमार्गे भारतात आले. त्यांतले सुमारे ५,००० जण १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले आणि पुढे इंग्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात पांगले. १९४३ साली मुंबईहून अमेरिकी जहाजाने सुमारे ७०० जण लॉस एंजेलिसमार्गे मेक्सिकोतल्या सांता रोसा वसाहतीत गेले, आणि त्यातलीही काही माणसं नंतर अमेरिकेत आली. मी वळिवड्याजवळ वाढले हे कळल्यावर आमच्या चर्चमधल्या एका म्हाताऱ्या बाईंनी माझा हात बराच वेळ सोडला नव्हता. पण तुमचे पणजोबा १९१० चे, तेव्हा हे फक्त माहितीसाठी.

सूनबाईंच्या घरात सर्वात वयस्क कोण आहे? आजी असतील तर या आठवड्यातच व्हिडिओ कॉल लावा आणि तीन गोष्टी विचारा: आडनाव त्यांच्या आजी कशा उच्चारायच्या, पणजोबा अमेरिकेत पहिल्यांदा कुणाच्या घरी उतरले, आणि तो माणूस बापाकडचा की आईकडचा. जुने फोटो असतील तर मागची बाजूही स्कॅन करून घ्या. पोलिशमध्ये काही लिहिलेलं सापडलं तर खाली प्रतिक्रियेत टाका, मी वाचून सांगते.