“यात गणित कुठं आहे?”

“मॅडम, तुमच्या पीएच.डी.त गणित कुठं आहे, असं डिपार्टमेंटमधले विचारतात. आधी राग यायचा. आता मलाच उत्तर सापडत नाही.”

माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या या बाई पस्तिशीतल्या, एका तालुक्याच्या सीनियर कॉलेजात गणित शिकवणाऱ्या. ओळख पटेल असं सगळं बदललंय. इथे त्यांना मेधाताई म्हणू. एम.एस्सी.ला टोपॉलॉजी आवडीची, नेट झालेली. पीएच.डी.चा विषय: बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची मुलं ‘लिमिट’ (फंक्शनच्या किमती ज्या आकड्याच्या हव्या तितक्या जवळ नेता येतात तो आकडा) म्हणजे नेमकं काय समजतात. बारा मुलांच्या मुलाखती रेकॉर्ड करून, शब्द न् शब्द उतरवून झाल्या होत्या. त्यानंतर सात महिने एक ओळ लिहिलेली नाही. एका सहकाऱ्याने “हे तर बी.एड.चं काम” म्हणून हसण्यावारी नेलं होतं. घरी सासूबाईंचं “अजून किती?” चालूच. यूजीसीच्या 2022 च्या नियमांतली सहा वर्षांची मुदत आणि बायकांना मिळणारी जादा दोन वर्षांची सवलत त्यांना तोंडपाठ होती. झोप येईना की त्या महिने मोजायच्या.

अशा वेळी आत्मविश्वासावर बोलण्यात अर्थ नसतो, असं माझं मत. समुपदेशनाकडे वळण्याआधी मीही एकोणीस वर्षं फळ्यावर एप्सिलॉन-डेल्टा, म्हणजे लिमिटची काटेकोर व्याख्या, लिहिलीय, त्यामुळे मला वेगळाच संशय आला. म्हटलं, “पुढच्या वेळी एकाच मुलाखतीचं एक पान घेऊन या. सगळ्यात फसलेली वाटते ती आणा.”

आणलं. पानावर एक मुलगा म्हणत होता, “लिमिट म्हणजे फंक्शन जिथं जवळ जवळ जातं, पण पोचत नाही.” समासात ताईंनी लाल पेनाने लिहिलं होतं: चूक. गंमत म्हणजे त्याच मुलाने वर चार ओळी आधी एप्सिलॉन-डेल्टाची व्याख्या बिनचूक म्हणून दाखवली होती.

“पुढं वाचा की,” मी म्हटलं.

पुढचं वाक्य ताईंचंच होतं: “असं बघ, समजा फंक्शन सगळीकडे पाचच आहे, मग?” मुलगा: “हां मॅडम, मग पोचतं.” ताई: “बरोबर. म्हणजे तुझं काय चुकलं?” मुलगा: “व्याख्या नीट वाचली नाही.”

ताई वाचता वाचता थांबल्या. “अगं बाई,” त्या स्वतःशीच म्हणाल्या, “मी तर त्याला शिकवलंच.”

तेच झालं होतं. गणितवाल्या माणसाला समोरचं चुकीचं वाक्य तसंच राहू देणं जमत नाही. हाताला खडूची सवय असते. पण संशोधन नेमकं त्या चुकीतच होतं. डेव्हिड टॉल आणि श्लोमो विनर यांनी 1981 साली याच लिमिट आणि सातत्याच्या संदर्भात एक भेद मांडला: विद्यार्थ्याला पाठ असलेली व्याख्या वेगळी, आणि त्या शब्दासरशी त्याच्या डोक्यात उभं राहणारं चित्र वेगळं. दोन्ही एकाच डोक्यात सुखाने नांदतात. ताईंनी हे वाचलं होतं, प्रबंधाच्या आराखड्यात उद्धृतही केलं होतं. स्वतःच्या पानावर मात्र दिसलं नव्हतं. ‘पोचत नाही’ हे त्या मुलाने कुठून उचललं? ‘टेंड्स टू’ या शब्दांतून? की पाठ्यपुस्तकातल्या बाणांतून? हे विचारायला गणितच लागतं. ‘पोचत नाही’ म्हटलं की कॉन्स्टंट फंक्शन, म्हणजे सगळीकडे एकच किंमत असलेलं, आडवं येतं, हे ज्याला चटकन दिसतं त्यालाच तो प्रश्न सुचणार.

दुसरी गाठ लिहिण्याची होती. “बारा मुलांवरून सिद्ध काय होणार?” हे त्या तीनदा म्हणाल्या. मी त्यांना ॲलन शोएनफेल्ड यांचा 2000 सालचा, अमेरिकन गणित संस्थेच्या नियतकालिकातला लेख वाचायला दिला. हे गृहस्थ मूळचे गणितातलेच पीएच.डी. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की इथे पुरावा गणितातल्या सिद्धतेसारखा नसतो, तो साचत जातो. सिद्धतेच्या शेवटी लिहितात ते क्यू.ई.डी. लिहिता येईपर्यंत थांबायचं ठरवलं तर या विषयात माणूस जन्मभर थांबेल. ताई सात महिने तेच करत होत्या, आणि त्याला आळस हे नाव देऊन स्वतःलाच बोल लावत होत्या.

उरला गाइडचा प्रश्न. “सरांना कसं सांगू, तुम्हाला हे येत नाही म्हणून?” तसं सांगायचंच नव्हतं. आम्ही एक वाक्य ठरवलं: “सर, गणिताची बाजू तुम्ही बघा, मुलाखतींच्या विश्लेषणासाठी सहमार्गदर्शक घेऊ का?” नियमांत तशी सोय आहे. सर म्हणे सुटल्यासारखे हसले. (मला आश्चर्य वाटलं नाही. न येणाऱ्या विषयाच्या पानांवर सह्या करताना त्यांनाही घाम फुटत असणार.) मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात गणितशिक्षणावर पीएच.डी.पर्यंतचं काम चालतं, तिथे कुणाला पत्र लिहायचं ते मग ताईंनीच शोधून काढलं. त्याआधी महिन्यातून दोनदा पान वाचायला मी होतेच, पण समुपदेशक म्हणून किती दिवस पुरणार?

तिसऱ्या भेटीत ताईंनी नवी मुलाखत आणली, त्याच मुलाची. प्रश्नांच्या कागदावर वर मोठ्या अक्षरांत ‘गप्प बस’ लिहिलं होतं. उतरवलेल्या मजकुरात मध्येच कंसात होतं: 40 सेकंद शांतता.

“चाळीस?” मी विचारलं.

“टेबलाखाली बोटं आवळून धरली होती,” त्या म्हणाल्या.

कंसाखाली त्या मुलाची ओळ होती: “मॅडम, वर्गात कधी विचारलं नाही, पण साइनची लाट एक्स-अक्षाला सारखी ओलांडते आणि बारीक होत जाते, ती तर शून्याला पुन्हा पुन्हा पोचते. मग लिमिट शून्य म्हणायचं की नाही?”

त्या ओळीशेजारी समास कोरा होता.