खेळ त्यांचा, सही दोघांची

पत्र : "नमस्कार. मी ६८ वर्षांची, हे ७१. न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलं आपापल्या संसारात आहेत. २००९ साली साउथ कॅरोलिनातल्या हिल्टन हेड बेटावर आम्ही दोघांच्या नावाने टाइमशेअरचा एक आठवडा घेतला, ऑक्टोबरमधला. म्हणजे रिसॉर्टमधल्या घराची मालकी, पण वर्षातल्या एका आठवड्यापुरती. यांना गोल्फचं वेड. नोकरी होती तोवर वर्षातून एकदा जायचो, मजा यायची. निवृत्तीनंतर मात्र जास्तीचे आठवडे विकत घ्यायचे, अदलाबदल करायची आणि सगळा हिवाळा फ्लोरिडात नाहीतर ॲरिझोनात काढायचा, असं सुरू झालंय. हे सकाळी सातला बॅग घेऊन बाहेर पडतात, दुपारी दीडला येतात, जेवून झोपतात. मी परक्या स्वयंपाकघरात त्यांची वाट बघत बसते. माझी बहीण पुण्यात एकटी असते. हिवाळ्यात दोन महिने तिच्याकडे राहावं असं फार वाटतं, पण 'आपली बुकिंग झाली आहेत' हे उत्तर ठरलेलं. आता रिसॉर्टवाल्यांनी नाश्त्याला बोलावून सांगितलं की आणखी २२ हजार डॉलर भरा आणि आठवडा सोडून 'पॉइंट्स'मध्ये या. यांचं मन झालंय. वर्षाचा मेंटेनन्स ६४० डॉलरवरून १,४७० वर गेलाय. मुलगा म्हणतो, 'ते आमच्या गळ्यात नको.' मी काही बोलले की हे म्हणतात, 'आयुष्यभर राबलो, आता खेळूही नको का?' काय करू?"

ताई, तुमच्या यजमानांचा प्रश्न खरा आहे, त्याला आधी खरं उत्तर द्या : खेळा, मनसोक्त खेळा. ७१ व्या वर्षी पहाटे उठून मोकळ्या हवेत चार तास घालवावेसे वाटतात, सोबतीला चार जण आहेत, याचं मोल मोठं आहे. निवृत्तीनंतर दिवसभर टीव्हीसमोर बसून कोमेजणारी माणसं मला रोज पत्रं लिहितात. पण तुमच्या घरी खेळ आणि करार यांची गाठ बसली आहे. तुम्ही मेंटेनन्सचं बिल दाखवता आणि त्यांना ऐकू येतं की गोल्फ बंद करा. ही गाठ तुम्हालाच सोडवावी लागेल.

२२ हजारांना माझं उत्तर स्वच्छ नाही असं आहे. फुकटचा नाश्ता, भेटकार्ड, नव्वद मिनिटं म्हणून सुरू होऊन दुपारपर्यंत लांबणारी बैठक, आणि शेवटी 'हा भाव फक्त आजच' : आवळा देऊन कोहळा काढण्याची ही जुनी रीत आहे. ज्या सौद्यात तुमचं हित आहे तो उद्याही तिथेच असेल. पॉइंट्स म्हणजे जागा बुक करताना खर्चायचे गुण, आणि ते घेताना बहुतेकदा हातातला ठरलेला आठवडा सोडून द्यावा लागतो. मग ऑक्टोबरमध्ये तेच घर हवं असेल तर पुरेसे पॉइंट्सही लागतात आणि जागाही शिल्लक असावी लागते. खरेदीखत दोघांच्या नावावर आहे, म्हणजे तुमच्या सहीशिवाय यजमानांना एकट्याने तो आठवडा सोडून देता येणार नाही. ती सही करू नका. चुकून झालीच, तर साउथ कॅरोलिनात ५ दिवसांत आणि फ्लोरिडात १० दिवसांत लेखी कळवून करार रद्द करता येतो. कसं कळवायचं ते करारातच छापलेलं असतं. तोंडी किंवा फोनवर सांगून भागत नाही.

जुन्या आठवड्यावर मात्र मी तितकी चिडलेली नाही. १,४७० ला ७ ने भागा, रात्रीला २१० डॉलर पडतात. ऑक्टोबरात त्या बेटावर स्वयंपाकघरासकटचं घर या भावात मिळत असेल तर तो वेडेपणा नव्हे. तिथल्या हार्बर टाउन गोल्फ मैदानाच्या १८ व्या होलमागचा तो लाल-पांढरा दीपस्तंभ पाहायला गोल्फवेडे जगभरातून येतात. तुमच्या यजमानांनी वर्षातला तो एक आठवडा मनाशी धरून ठेवला, तर त्यात काही चूक नाही. एवढं तपासा की त्याच आठवड्यासाठी इतर मालक आपली घरं काय भाड्याने देतात. भाडं मेंटेनन्सपेक्षा कमी निघालं, तर मालक असण्यात अर्थ उरला नाही. आणि मेंटेनन्स गुडघा बघत नाही. उद्या शस्त्रक्रिया झाली, जाणं जमलं नाही, तरी बिल येणारच. वादळ आलं तर दुरुस्तीची वेगळी वर्गणी मागायचीही सोय बहुतेक करारांत असते. २०१६ च्या ऑक्टोबरात मॅथ्यू वादळाने हिल्टन हेड रिकामं करायला लावलं होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मुलाचं म्हणणं गंभीरपणे घ्या. अमेरिकेत खरेदीखत करून घेतलेला टाइमशेअर बहुतेकदा मुदतीचा नसतो, मालकापाठोपाठ वारसांकडे जातो. वारसांना तो लेखी नाकारता येतो, पण त्यांनी तोवर तो वापरलेला नसावा. म्हणून 'मुलांची नावं आत्ताच घालून टाकू' असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. त्याहून बरं म्हणजे तुम्ही दोघं हातीपायी धड असतानाच निकाल लावा. कर्ज फिटलेलं असेल आणि मेंटेनन्स थकलेला नसेल, तर काही कंपन्या आठवडा परत घेतात. तुमची घेते का, हे लेखी विचारा. विकायला काढलात तर हाती जवळजवळ काहीच येणार नाही, लोक असे आठवडे एका डॉलरला देऊन मोकळे होतात. २००९ चे पैसे सुट्ट्यांत वसूल झाले, असं धरा. आणि 'तुमच्या आठवड्याला गिऱ्हाईक तयार आहे, आधी फी भरा' असा फोन आला तर बोलणं न वाढवता ठेवून द्या. अमेरिकेचं फेडरल ट्रेड कमिशन, म्हणजे ग्राहकांचं हित बघणारी सरकारी संस्था, या फसवणुकीबद्दल वर्षानुवर्षं सावध करत आलं आहे, आणि त्यात आपल्या वयाची माणसंही सापडतात.

आता तुमचं. एवढ्या पत्रात बहिणीसाठी तुम्ही दोन वाक्यं लिहिलीत, तीही मध्येच कुठेतरी. मला ती सगळ्यात जड वाटली. त्यांचा खेळ कॅलेंडरवर वर्षभर आधी चढतो, तुमची इच्छा मनातच राहते, म्हणून दर वर्षी 'बुकिंग' जिंकतं. यात ते दुष्ट आहेत असं मला वाटत नाही. तारीखच नसलेल्या इच्छेसाठी जागा ठेवायला त्यांना कधी सुचलं नसावं. तेव्हा या वेळी तुमच्या तारखा आधी लागू द्या. जानेवारी-फेब्रुवारीत ते ऊन शोधत फ्लोरिडाला जातात, आणि पुण्याची तीच हवा सोन्यासारखी असते. येरवड्याला पूना क्लबचं १८ होलचं मैदान आहे. पाहुण्यांना कसं खेळता येतं हे आधी विचारून घ्यावं. आले सोबत तर आनंद आहे. नाही आले तर मित्रांबरोबर खेळोत, तुम्ही एकट्या जा. प्रवासाचा आरोग्यविमा तेवढा काढा, कारण भारतातल्या दवाखान्याचं बिल मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेतला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, देत नाही.

जिथे दोघं जाल तिथेही दिवस वाटून घ्या. १८ होलना चार-साडेचार तास लागतात, ९ ना दोन. एक दिवस पूर्ण खेळ, दुसऱ्या दिवशी ९ होल खेळून दहाच्या आत परत, पुढचा दिवस तुमचा. दुपारचं जेवण बाहेर. त्यांना बरं वाटावं म्हणून गोल्फ शिकायला जाऊ नका. शिकायचंच असेल तर स्वतःच्या हौसेने.

हे बोलणं बिल हातात घेऊन करू नका आणि ते खेळून दमून आल्यावरही नको. सकाळच्या चहाला, शांतपणे म्हणा : "तुम्ही खेळा, मला त्याचा आनंद आहे. नव्या कागदावर मी सही करणार नाही. आणि पुढचा जानेवारी-फेब्रुवारी मी पुण्याला आहे, येता का?" ते रागावतील, कदाचित दिवसभर बोलणार नाहीत. तुम्ही स्पष्टीकरणं देत बसू नका. पुढच्या हिवाळ्याची बुकिंग ते करायला घेतील त्याआधी बहिणीला फोन करा, तारखा ठरवा आणि तिकीट काढा. फ्लोरिडा मार्चमध्येही उबदारच असतं.