आधी वॅट, मग कॅबिनेट
वाचकांचे प्रश्न : घरी जुळवायचा छोटा संगणक

प्रश्न : वन-बीएचके फ्लॅट आहे. हॉलमध्ये टीव्हीशेजारी मावेल असा संगणक चवथीपूर्वी स्वतः जुळवायचा विचार आहे. व्हिडिओ एडिटिंग आणि अधूनमधून गेम. दहा लिटर आकारमानाचे एक देखणे कॅबिनेट हेरून ठेवले आहे. आत काय काय बसवू?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : कॅबिनेटचे पैसे अजून दिले नसतील तर थांबा. ते सगळ्यात शेवटी घ्यायचे. आधी आत किती वॅट खर्च होणार ते ठरवा, कारण खर्च झालेला वॅट न् वॅट उष्णता होऊन त्या डब्यातच सुटतो.

तुमच्या कामाला रायझन ५ ७६०० पुरे. खोक्यावर ६५ वॅट छापलेले असतात, पण पूर्ण ताणाखाली हा प्रोसेसर ८८ वॅटपर्यंत जातो. आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्डाचे ११५ वॅट. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे मिळून ४०-४५ धरा. बेरीज २५० वॅटच्या आसपास येते आणि एवढी उष्णता छोट्या कॅबिनेटमधून काढता येते. गेम अगदीच कधीमधी खेळणार असाल तर रायझन ५ ८६००जी घ्या. त्याचे ग्राफिक्स आतच असते, त्यामुळे ११५ वॅटचे कार्डच वाचते आणि मग पाच लिटरचे कॅबिनेटही चालून जाते.

मदरबोर्ड मिनी-आयटीएक्स, म्हणजे १७ बाय १७ सेंटीमीटर. यावर रॅमच्या खाचा दोनच असतात, त्यामुळे ‘आता एक, नंतर एक’ असे करू नका. १६ जीबीच्या दोन पट्ट्या एकदमच घ्या. रॅम कमी उंचीची हवी. शोभेचे उंच पत्रे प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या बुटक्या कूलरला आडवे येतात. अनेक मिनी-आयटीएक्स बोर्डांवर एसएसडीची एक खाच पाठीमागे असते आणि तिथे वारा पोचत नाही. ऑपरेटिंग सिस्टीमची एसएसडी पुढच्या खाचेत हीटसिंकखाली (उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या पट्टीखाली) बसवा, मागे फाइली साठवायची.

एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, एसएफएक्स या छोट्या मापाचा लागेल : १२५ बाय १०० बाय ६३.५ मिलिमीटर. २५० वॅटच्या मशिनला ५५० वॅटचा भरपूर झाला. ८५० वॅटचा घेऊन थंडावा वाढत नाही, फक्त पैसे जातात. मात्र जुन्या मॉड्युलर (वायरी सुट्या निघणाऱ्या) एसएमपीएसच्या वायरी नव्याला लावू नका. टोकाचा प्लग सारखाच दिसतो, पण एसएमपीएसकडच्या बाजूला पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी, काही वेळा एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही वेगळी असते. पाच व्होल्टच्या जागी बारा गेले की हार्डडिस्क आणि एसएसडी जागच्या जागी जळतात.

आता दहा लिटरबद्दल. संगणक बॅगेत घालून रोज न्यायचा नसेल तर गोव्यात १५ ते १८ लिटर घ्या, असे आमचे स्पष्ट मत आहे. कूलर मास्टर एनआर२०० हे साधारण १८ लिटरचे आहे आणि त्यात १२० मिलिमीटर पंख्याचा उंच, उभा टॉवर कूलरही मावतो. दहा लिटरमध्ये तुम्हाला ४५-५० मिलिमीटर उंचीचा कूलर, रायझर केबल (कार्ड बोर्डापासून दूर बसवायची जोडपट्टी) आणि अरुंद कोपरे या तिन्हींशी झगडावे लागेल. कार्डाची लांबी सगळेच मोजतात, पण कार्डाच्या वरच्या कडेला लागणारा वीजप्लग आणि त्याच्या वायरीचे वळण यांना आणखी २५-३० मिलिमीटर लागतात. ते धरले नाहीत तर कार्ड बसते आणि बाजूचा पत्रा लागत नाही.

टीव्हीच्या कपाटाची पाठ बंद असेल तर संगणक कपाटाच्या वर ठेवा. बंद कप्प्यात तो स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढत राहतो.

प्रश्न : छोट्या कॅबिनेटला वॉटर कूलिंग बरे की एअर कूलर? आणि कूलर निवडताना नेमके काय पाहायचे?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : ९० वॅटच्या आतल्या प्रोसेसरला वॉटर कूलिंग लागत नाही. टॉवर कूलरचा पंखा बंद पडला तरी धातूचे वजन काही काळ उष्णता झेलते. वॉटर कूलिंगमध्ये पाणी फिरवणारा पंप बंद पडला तर तापमान बघता बघता मर्यादेला भिडते. तरीही बसवायचेच असेल तर पंप हा सगळ्यात उंच बिंदू होऊ देऊ नका. आतली हवा वरच जमते, आणि ती पंपात अडकली की खुळखुळ ऐकू येऊ लागते, पुढे पंपही मरतो.

कूलर उंचीवर निवडा. रायझनसोबत फुकट येणारा रेथ स्टेल्थ ५४ मिलिमीटरचा आहे. काम भागते, पण मे महिन्यात आवाज करतो. थर्मलराइट एएक्सपी९०-एक्स४७ हा ४७ मिलिमीटरचा, नॉक्टुआ एनएच-एल९ए ३७ चा, एनएच-एल१२एस ७० चा. यांतला ३७ वाला ८८ वॅटला दमतो, त्याच्याखाली प्रोसेसर ६० वॅटवर बांधूनच चालवा. त्यासाठी बायोसमध्ये (संगणक चालू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये) इको मोड असतो. गेममध्ये फरक फारसा जाणवत नाही, व्हिडिओ रेंडरला थोडा जास्त वेळ लागतो. पैसा न घालता मिळणारा हा सगळ्यात मोठा थंडावा, आणि बरेच जण तो वापरतच नाहीत.

कॅबिनेटवर ‘कूलर ७० मिलिमीटरपर्यंत’ असे लिहिलेले असेल तर पूर्ण ७० चा घालू नका. पंखा जाळीला दोन-तीन मिलिमीटरवर आला की घूं घूं सुरू होते. उलट अंतर दोन-तीन सेंटीमीटर राहिले तर पंखा जाळीतून ताजी हवा ओढण्याऐवजी आतलीच गरम हवा फिरवतो. मग पंख्याभोवती फोमच्या पट्टीचे कडे करून ती फट भरा. तापमान बऱ्यापैकी उतरते.

प्रोसेसर आणि कूलरमधली थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी. स्क्रू तिरक्या क्रमाने, थोडे थोडे आवळत जा. आणि कूलरच्या तळाचे पारदर्शक प्लास्टिक काढले का ते बघा. हसू नका, नव्या मशिनचे तापमान शंभरीला टेकले की सगळ्यात आधी तपासायचे ते हेच.

हवा पंख्याच्या उघड्या बाजूने शिरते आणि जिथे मोटर धरणाऱ्या दांड्या असतात त्या बाजूने बाहेर पडते. आत येणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा एकाने जास्त ठेवा आणि आत येणाऱ्यांवरच जाळी लावा. म्हणजे फटींतून हवा बाहेरच जाईल, कौलांची आणि चिऱ्याची लाल धूळ आत ओढली जाणार नाही.

प्रश्न : घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. आधीच्या संगणकाचे स्क्रू गंजले, रॅमच्या टोकांवर पांढुरका थर आला आणि पावसाळ्यात तो कधी चालू व्हायचा, कधी नाही. नवा घेतला तर हेच होणार का? एसी लावून ठेवू का?
— एक वाचक, कळंगुट

उत्तर : तुमच्याकडे खरा शत्रू उकाडा नाही, मीठ आहे. खाऱ्या वाऱ्यातले मिठाचे कण बोर्डावर बसतात. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळते. पावसाळ्यात आपली हवा त्याच्यावरच असते. मग दोन बारीक पिनांमध्ये खाऱ्या पाण्याचा पडदा तयार होतो आणि त्यातून वीज झिरपते. ‘कधी चालतो, कधी नाही’ याचे एक मोठे कारण हे.

म्हणूनच चालू संगणक बंद संगणकापेक्षा सुरक्षित. बाहेर २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असताना तीच हवा कॅबिनेटमध्ये १० अंशांनी तापली की तिची आर्द्रता ५१ टक्क्यांच्या आसपास उतरते. पावसाळ्यात वापर नसला तरी संगणक रोज तासभर चालू ठेवा. सिलिका जेलच्या पुड्या उघड्या कॅबिनेटमध्ये टाकून उपयोग नाही, बाहेरची हवा सतत आत येत असते. हवाबंद डब्यात ठेवलेल्या सुट्या रॅमसाठी त्या ठीक.

एसी लावणे चांगले, धोका तो बंद केल्यावर आहे. खोली २३ अंशांवर थंड झाली, तुम्ही एसी बंद करून खिडक्या उघडल्या, आणि बाहेर तीच २८ अंशांची ९० टक्क्यांची हवा आहे असे समजा. त्या हवेचा दवबिंदू २६ अंशांच्या थोडा वर येतो. संगणक बंद असेल तर त्याचा धातू २३ वर आहे. अशा वेळी चष्म्यावर येते तशी वाफ बोर्डावर धरते, आणि नेमके तेव्हाच कोणीतरी बटण दाबते. एसी बंद केल्यावर अर्धा-पाऊण तास खिडक्या उघडू नका, किंवा तेवढा वेळ संगणक चालू राहू द्या. एसी चालू असलेल्या दुकानातून आणलेले नवे भागही खोक्यात तसेच तासभर राहू देऊन मग फोडा.

रॅमची टोके खोडरबराने घासायची पद्धत दुकानांत सर्रास आहे. तसे करू नका. वरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो. तो गेला की खालचा धातू आणखी लवकर गंजतो, शिवाय रबराचा भुगा खाचेत पडतो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सुटणारे फडके घ्या, पुसा, पूर्ण वाळू द्या. कूलर निकेलचा मुलामा असलेला घ्या, उघड्या तांब्याचा नको. संगणक समुद्राकडच्या खिडकीपासून दूर, आतल्या भिंतीला ठेवा.

प्रश्न : गेम खेळताना रायझन ५ ७६०० प्रोसेसर ८४ अंश दाखवतो. धोका आहे का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : नाही. रायझन ७६०० ची मर्यादा ९५ अंश आहे, आणि तिथे पोचला तरी तो स्वतःच वेग कमी करतो. खोली किती अंशांवर होती ते मात्र नोंदवा. एअर कूलर खोलीच्या तापमानावर भर घालतो : एसीत २४ अंशांच्या खोलीत ७५ दाखवणारा प्रोसेसर ३३ अंशांच्या खोलीत ८४ च दाखवणार. पंखा सारखा वर-खाली ओरडत असेल तर बायोसमध्ये वेग बदलण्याचा विलंब तीन-चार सेकंद करा.

प्रश्न : जुन्या कौलारू घरात राहतो. नव्या संगणकाच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. एसएमपीएस खराब आहे का? वीज वारंवार जाते, त्यासाठी कोणता यूपीएस घ्यावा?
— एक वाचक, सांगे

उत्तर : एसएमपीएस बहुधा ठणठणीत आहे, अर्थिंग नाही. एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळणारे दोन बारीक कपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर तो क्षुल्लक प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर पत्रा २३० च्या निम्म्या, ११५ व्होल्टच्या आसपास तरंगतो आणि तुम्हाला झिणझिण्या येतात. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अॅडाप्टरमध्ये घातला असेल तर तो आजच काढा. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थमधले व्होल्ट मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या वर नकोत. आपल्या जांभ्या जमिनीत एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि पावसात आपोआप सुधारतो, त्यामुळे तपासणी उन्हाळ्यातच करा. अर्थची वायर न्यूट्रलला जोडून देतो असे कोणी म्हणाले तर त्याला चहा पाजून परत पाठवा. न्यूट्रल तुटली तर पूर्ण २३० व्होल्ट पत्र्यावर येतील.

यूपीएसवर व्हीए (व्होल्ट-अँपिअर) छापलेले असतात, तुम्ही वॅट पाहा. ६०० व्हीएचे यूपीएस साधारण ३६० वॅटचे असतात. २५० वॅटचा संगणक भिंतीतून २८० च्या आसपास घेतो, वर मॉनिटरचे ३०. म्हणजे ते अगदी काठावर. १००० व्हीए, ६०० वॅटचा घ्या, आणि शक्यतो शुद्ध साइन वेव्हचा. स्वस्तातल्या चौकोनी लहरीवर काही एसएमपीएस वीज जाताक्षणी बंद पडतात, मग यूपीएस असून उपयोग काय? स्टॅबिलायझरची गरज सहसा पडत नाही, १०० ते २४० व्होल्ट लिहिलेला एसएमपीएस चढउतार स्वतः सांभाळतो. मे आणि ऑक्टोबरच्या दुपारी गडगडाट सुरू झाला की प्लग काढा, आणि राउटरकडून येणारी तांब्याची लॅन केबलही. वीज तिच्यातूनही आत येते.

प्रश्न : सगळे जोडले. पंखे फिरतात, पण स्क्रीन काळीच.
— एक वाचक, पेडणे

उत्तर : दहा मिनिटे हात लावू नका. डीडीआर५ रॅम पहिल्यांदा चालू होताना बोर्ड तिची जुळणी करत बसतो, त्याला कित्येक मिनिटे लागतात. मध्येच बंद केलेत की पुन्हा पहिल्यापासून. त्यानंतरही काळीच असेल तर मॉनिटरची केबल बोर्डाऐवजी कार्डाला लावली आहे ना ते पाहा. मग बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातला प्रोसेसरचा आठ पिनांचा प्लग : कूलर बसल्यावर तिथे बोट जात नाही, म्हणून तो अर्धवट राहतो. रायझर केबल जुनी, तिसऱ्या पिढीची असेल तर कार्ड काढून बोर्डावरच मॉनिटर लावा, बायोसमध्ये कार्डाच्या पीसीआयई खाचेची पिढी ‘जेन ३’ करा आणि मग कार्ड परत बसवा.

आणि कॅबिनेटच्या मागची, न वापरलेली पट्टी उघडी ठेवू नका. तेवढी फट पालीला पुरते. उबेला ती एसएमपीएसजवळ जाऊन बसते आणि शॉर्ट करून मरते. एक मिलिमीटर भोकांची जाळी कापून आतून लावा. मुंग्यांना मात्र ती अडवणार नाही. त्यासाठी कॅबिनेटशेजारी खाणे बंद करावे लागेल.